विश्लेषण : ड्रॉवरची पुढची फळी निखळली? खिळा ठोकण्याआधी हे वाचा!

गेल्या जुलैमध्ये मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी एक छोटा अपघात झाला. आजीने टेबलाचा खण ओढला आणि पुढची फळी मुठीसकट तिच्या हातात आली. खण मात्र जागेवरच अडकून राहिला. आत सातबारा, रेशन कार्ड, बँकेची पासबुके आणि आजोबांच्या हातची भातविक्रीची वही. बाहेर धो धो पाऊस, आणि कौलांतून गळणारा थेंब नेमका त्या टेबलावर.

मी मेकॅनिकल इंजिनीअर, आता बातम्या लिहिते. 'एवढे काय त्यात' म्हणत मी दोन इंची खिळे घेतले आणि फळी परत ठोकायला बसले. तिसऱ्या खिळ्याला बाजूची फळी उभी चिरली. आजोबांच्या काळापासून टिकलेले सागवान मी दहा मिनिटांत फोडले होते.

शेजारच्या वाडीतले एक वयस्कर सुतारकाका बघायला आले. त्यांनी खण उलटा-सुलटा केला, कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "पोरी, फळी सुटली म्हणून खण बिघडला नाही. खण अडकत होता, तुम्ही ओढत होता, म्हणून फळी सुटली."

चार वर्षांच्या इंजिनीअरिंगमध्ये मी बल, ताण आणि सांधे शिकले होते. तरी हे मला दिसले नाही. म्हणून हा लेख. निखळलेली फळी घरच्या घरी, दीड-दोनशे रुपयांत नीट बसवता येते. पण आधी ती का निखळली हे कळायला हवे.

फळी निखळते का?

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली जुडी. हवा दमट झाली की या नळ्यांच्या भिंती ओलावा शोषतात आणि फुगतात. हवा कोरडी झाली की आकसतात. झाड तोडून कितीही वर्षे झाली तरी ही सवय जात नाही.

गंमत अशी की लाकूड लांबीत जवळजवळ वाढतच नाही, वाढते ते आडवे. खणाच्या फळीत रेषा डावीकडून उजवीकडे जातात. त्यामुळे फळीची रुंदी तशीच राहते आणि उंची वाढते.

किती वाढते? ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातला ओलावा साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे गेली की तो १७-१८ टक्क्यांपर्यंत जातो. सागवान हे कमी फुगणारे लाकूड मानले जाते. तरीही एवढ्या फरकाने १५० मिलिमीटर उंचीची सागवानी फळी, ती ओंडक्यातून कशी कापली आहे त्यानुसार, एक ते सव्वादोन मिलिमीटरने वाढते. खणाभोवती सुताराने सोडलेली फटही साधारण तेवढीच असते. ती भरली की खण अडकतो.

शहापूर आणि मुरबाड हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, तानसा, भातसा, बारवीच्या पाणलोटाचा भाग. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत भिंतींनाही घाम फुटतो. म्हणजे दरवर्षी चार महिने खण अडकणार, आपण हिसका देणार आणि तो सगळा हिसका पुढच्या फळीच्या सांध्यावर बसणार. आमच्या खणाने असे कित्येक पावसाळे सोसले होते.

खिळा का चालत नाही?

तीन कारणे आहेत.

पहिले कारण दिशेचे. खिळा फळीच्या समोरून बाजूच्या फळीच्या टोकात जातो. खण ओढताना आपण ज्या दिशेने जोर लावतो, तीच खिळा बाहेर निघण्याची दिशा. म्हणजे प्रत्येक वेळी खण उघडताना आपण थोडा थोडा खिळाच उपटत असतो.

दुसरे कारण लाकडाचे. बाजूच्या फळीच्या टोकाशी नळ्यांची तोंडे उघडी असतात. तिथे खिळा रेषांच्या मधून घुसतो, त्याची पकड कमी असते आणि काठाजवळ असेल तर लाकूड चिरते. माझे झाले तसे.

तिसरे कारण गंजाचे. दमट हवेत खिळा गंजतो, भोवतीचे लाकूड काळे पडते आणि छिद्र मोठे होते. पुढच्या वर्षी तिथे आणखी मोठा खिळा लागतो.

जुने सुतार म्हणूनच बाजूच्या फळीचे टोक पंख्याच्या आकारात, म्हणजे पुढे रुंद आणि मागे अरुंद, कापायचे आणि पुढच्या फळीत तशीच खाच पाडायचे. असा सांधा ओढला की सुटत नाही, उलट घट्ट बसतो. गोंद त्याला फक्त साथ देतो.

आधी ओळखा : तुमचा ड्रॉवर कोणत्या प्रकारचा?

ड्रॉवर पूर्ण रिकामा करून बाहेर काढा, उजेडात ठेवा आणि कडेकडून पाहा.

- एकच पुढची फळी : हीच फळी खोक्याची चौथी बाजू असते. जुन्या सागवानी टेबलांत आणि कपाटांत हाच प्रकार दिसतो.
- दुहेरी फळी : खोके चारही बाजूंनी पूर्ण असते आणि त्याच्या पुढे शोभेची वेगळी फळी आतून स्क्रूने बसवलेली असते. मॉड्युलर किचन आणि सुताराकडून करून घेतलेल्या नव्या कपाटांत हे असते.
- खोक्यात येणारे फर्निचर : ऑनलाइन मागवलेले, आपणच जोडायचे टेबल. यात पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफच्या फळ्या गोल लाकडी खुंट्या आणि फिरवून घट्ट होणाऱ्या धातूच्या चकतीने धरलेल्या असतात. या चकतीला 'कॅम लॉक' म्हणतात.

आणखी एक गोष्ट तपासा. लाकडाला बारीक छिद्रे असून खाली पीठ पडत असेल, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर कीड किंवा वाळवी लागली आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग दुरुस्ती.

सागवानी खण कसा जोडायचा?

१. खुणा करा. प्रत्येक फळीवर आतून पेन्सिलने डावी, उजवी, वर, खाली लिहा. आत्ता सोपे वाटते, फळ्या सुट्या झाल्या की गोंधळ होतो.

२. सांधा सोडवा. अर्धवट सुटलेली फळी तशीच दाबून गोंद ओतू नका. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीने हलके ठोके द्या. जुने खिळे असतील तर पकडीने सरळ रेषेत ओढा, हलवून छिद्र मोठे करू नका.

३. जुना गोंद काढा. हीच पायरी बहुतेक जण गाळतात. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आला. त्याआधी सुतार जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस वापरत. सरस तपकिरी आणि ठिसूळ दिसतो, गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. पांढरा गोंद असेल तर कोमट व्हिनेगर लावून थोडा वेळ थांबा आणि बोथट सुरीने खरवडा. मग लाकूड पूर्ण वाळू द्या.

४. पॉलिश पेपर मारा आणि लगेच जोडा. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळेच ते टिकते, पण त्यामुळेच त्यावर गोंद कमी धरतो. जोडायच्या जागी ताजा पॉलिश पेपर मारून, धूळ पुसून त्याच दिवशी गोंद लावा.

५. कोरडे बसवून पाहा. गोंद न लावता सगळे जुळते का बघा. सांधा सैल असेल तर लाकडाची पातळ चिपटी कापून फटीत बसवा. भुसा आणि फेव्हिकॉलचे मिश्रण फट लपवते, भार पेलत नाही.

६. गोंद आणि गुण्या. दोन्ही पृष्ठांवर पातळ थर द्या. आपल्या हवेसाठी पाण्यात टिकणारा प्रकार घ्या. फळी बसवल्यावर टेपने खणाचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर खण गुण्यात आहे. वेगळे आले तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर हलका दाब द्या.

७. आवळा. घरी शिकंजा नसतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून खणाभोवती ताणून गुंडाळा. रबराचा दाब चारही बाजूंनी मिळतो आणि लाकडावर वळ उठत नाहीत. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा. एरवी २४ तास, पावसाळ्यात दोन दिवस हात लावू नका.

माझ्याकडून चिरलेली बाजूची फळीही काकांनी याच पद्धतीने सांधली. चिरेत गोंद सोडला, फळी किंचित उघडझाप करून तो आत मुरवला आणि ट्यूब आवळली. चिर आज शोधावी लागते.

दुहेरी फळी किंवा बोर्डाचा ड्रॉवर असेल तर?

शहापूरच्या घरी माझे अभ्यासाचे टेबल आहे. ऑनलाइन मागवलेले, पार्टिकल बोर्डाचे. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्याही ड्रॉवरची फळी डुगडुगायला लागली.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा बारीक चुरा आणि रासायनिक चिकटद्रव्य दाबून केलेली फळी. तिच्यात लांब रेषाच नसतात. स्क्रूने एकदा जागा सोडली की भोवतीचा चुरा गळतो. तिथे तोच स्क्रू पुन्हा फिरवण्यात अर्थ नाही.

- आधी सोपे बघा. कॅम लॉक स्क्रू-ड्रायव्हरने घट्ट फिरवून पाहा. कित्येकदा तो फक्त सैल झालेला असतो.
- छिद्र सैल झाले असेल तर ते ८ मिलिमीटरचे करा. ड्रिलच्या पात्याला १२ मिलिमीटरवर चिकटपट्टी लावा, म्हणजे फळी आरपार जाणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात 'डॉवेल' म्हणून मिळणारी गोल लाकडी खुंटी त्यात गोंद लावून बसवा. दुसऱ्या दिवशी तिच्यात अडीच-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडून ४ मिलिमीटरचा स्क्रू घाला. भरीव लाकडाचे छिद्र थोडेच सैल असेल तर बांबूची काडी आणि गोंदही पुरतो.
- स्क्रूची लांबी मोजा. १८ मिलिमीटरचे खोके आणि १८ मिलिमीटरची पुढची फळी असेल तर ३० मिलिमीटरचा स्क्रू. त्याहून लांब घेतला तर टोक समोर डोकावेल.
- हँडलचा उपयोग करा. बऱ्याच ड्रॉवरना हँडलचा स्क्रू फक्त पुढच्या फळीतून गेलेला असतो. त्याऐवजी आतल्या खोक्यातूनही आरपार जाणारा ४५ मिलिमीटरचा स्क्रू आणि वायसर वापरा. मग हँडल ओढताना पूर्ण खोके ओढले जाते, फळी एकटी ओढली जात नाही. मला सर्वांत पटलेली युक्ती हीच.

बोर्ड ओल लागून फुगला असेल तर मात्र तो परत बसत नाही. त्याच मापाची प्लायची फळी कापून आणा. पाण्याशी संबंध येणाऱ्या जागी मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो.

पावसाळ्यात काय टाळावे?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अडकलेल्या खणाला जुलैमध्ये रंधा मारणे. तेव्हा लाकूड फुगलेले असते. दोन मिलिमीटर तासून टाकले की डिसेंबरमध्ये तेच लाकूड आकसते आणि खण खडखडायला लागतो. काकांनी आमचा खण जोडून दिला, पण तासायला दिवाळीनंतरच आले. तेव्हा फक्त एका कडेवर दोनदा रंधा फिरवावा लागला.

तोवर घासणाऱ्या कडांवर साधी मेणबत्ती घासा. साबण लावू नका, तो ओलावा ओढतो. अडकलेला खण एका मुठीने तिरका ओढू नका, दोन्ही बाजूंना सारखा जोर लावा. शक्य असेल तर वरचा खण काढून आतून मागच्या फळीला ढकला. आणि खणात वजन कमी ठेवा. पितळी कुलपे आणि वजने ठेवायची जागा ती नव्हे.

सुतार का येत नाही?

शहापुरातल्या टेबलासाठी मी आधी दोन-तीन सुतारांना विचारले होते. एकाने सरळ सांगितले, "ताई, दिवसभराचं काम असेल तर बोला." त्याचेही बरोबर आहे. आसनगावहून लोकल पकडून कल्याण-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये इंटिरिअरचे काम केले की पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. एका सैल फळीसाठी येऊन तो काय मागणार आणि आपण काय देणार?

पूर्वी गावात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. सुतार बलुतेदार होता. नांगर, गाडी, दार, खाट यांची डागडुजी वर्षभर करायची आणि सुगीला धान्य घ्यायचे. दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीचा वेगळा हिशोब नव्हता. त्या व्यवस्थेत जातीची सक्ती होती, ती परत यावी असे कुणी म्हणणार नाही. पण ती गेली तेव्हा लहान दुरुस्तीची सोयही गेली, आणि तिच्या जागी आपण काहीच उभे केले नाही.

त्यामुळे होते काय? फळी निखळते, खिळा मारला जातो, लाकूड फुटते आणि मग टेबल भंगारात. लग्नसराईत उल्हासनगरच्या बाजारातून नवे येते किंवा मोबाइलवरून मागवले जाते. सागवान देऊन आपण चुरा विकत घेतो. जंगलातला साग तोडण्याजोगा व्हायला पाच-सहा दशके लागतात. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी लागते. जे टेबल घरात आहे, ते पुन्हा त्या भावात मिळणार नाही.

सरकार काय करते आहे?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. त्यासाठी निवडलेली क्षेत्रे चार : शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने. फर्निचरचे स्वतंत्र क्षेत्र त्यात नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाचे कर्ज अशी तिची रचना आहे. हे चांगलेच आहे. पण नवा रंधा हातात आला तरी आजीच्या खणापर्यंत सुतार पोहोचवणारी वाट त्यातून तयार होत नाही.

मग करायचे काय?

माझ्या मते तीन गोष्टी सहज शक्य आहेत.

एक, फर्निचर विकणाऱ्यांनी बिलावर बोर्डाचा प्रकार स्पष्ट लिहावा आणि कॅम लॉक, खुंट्या, स्क्रू यांची जादा पुडी सोबत द्यावी. माझ्या टेबलाचा एक कॅम लॉक तुटला होता. विकणाऱ्याकडे तो सुटा मिळाला नाही, 'नवीन ड्रॉवर घ्या' एवढेच उत्तर आले. काही रुपयांच्या चकतीसाठी अख्खा ड्रॉवर फेकायला लावणे ही फसवणूक नसेल, पण बेपर्वाई नक्की आहे.

दोन, दुरुस्ती एका जागी गोळा करावी. ॲमस्टरडॅममध्ये २००९ मध्ये पहिला 'रिपेअर कॅफे' भरला. लोक मोडक्या वस्तू घेऊन येतात, जाणकारांसोबत बसून दुरुस्त करतात. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कॅफे कशाला हवा? आठवडी बाजार आहेच. ग्रामपंचायतीने किंवा नगरपंचायतीने महिन्यातून एकदा तिथे सुताराला एक बाकडे आणि विजेची जोडणी द्यावी. लोक खण घेऊन येतील. एका फळीसाठी दिवस वाया जाणार नाही, दहा फळ्यांची मजुरी मिळेल. ज्या आयटीआयमध्ये कारपेंटरचा ट्रेड आहे, तिथल्या मुलांनाही हात बसवायला काम मिळेल.

तीन, आपण स्वतः. प्रत्येकाने सुतार व्हावे असे नाही. सांधा पूर्ण तुटला असेल, फळीचा तुकडा पडला असेल किंवा नवी खाच पाडायची असेल तर सुतारालाच बोलवा आणि त्याच्या फेरीचे पैसे न कुरकुरता द्या. पण सैल स्क्रू, सुटलेला गोंद, अडकणारी कड ही कामे आपली आहेत. पॉलिश पेपर, गोंदाची छोटी बाटली, चार खुंट्या आणि जुनी ट्यूब एवढे सामान पुरते.

आजीचा खण दुरुस्त होऊन आता एक पावसाळा उलटला. यंदाही जुलैमध्ये तो थोडा अडकला. आजीने हिसका दिला नाही, मेणबत्ती घासली आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढला. फळी जागेवर आहे. सातबाराही.